दोन पेपर आणि एक फूटपट्टी

‘स्थानिक राजकारण आणि वृत्तपत्रे यांचे परस्परसंबंध’ हा विषय मी एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी घेतला, त्यामागे कुठलीही थोर प्रेरणा नव्हती. मार्गदर्शक मॅडमनी एका कागदावर बारा विषय लिहून आणले होते आणि मी वर्गात पोचेपर्यंत त्यातले अकरा तरुण मंडळींनी पळवले होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं की जिना चढायला वेळ लागतो, आणि विषयांची वाटणी तिसऱ्या मजल्यावर होती.

“अहो, सोपा आहे,” मॅडम म्हणाल्या. त्या माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान, त्यामुळे मला रागावताना त्यांना फार अवघड जाई आणि त्या आधीच धीर देऊन मोकळ्या होत. “तुमच्या गावात दोन पेपर निघतात ना? मागच्या सहा महिन्यांचे अंक काढा. नगरपालिकेच्या बातम्यांना किती जागा मिळाली ते फूटपट्टीनं मोजा. कोणाची स्तुती, कोणावर टीका, तेवढं लिहून ठेवा. झालं.”

झालं! हा शब्द ज्यानं शोधला त्यानं आयुष्यात काही केलेलं नसणार.

घरी आल्यावर आमच्या ह्यांना सांगितलं. हे नगरपालिकेत पाणीपुरवठा विभागात वरिष्ठ लिपिक आहेत. कुठल्याही गोष्टीवर आधी ‘आवक क्रमांक’ टाकल्यासारखा चेहरा करतात, मग बोलतात.

“म्हणजे तू सहा महिने पेपर वाचणार, आणि त्याबद्दल तुला डिग्री देणार?”

“वाचणार नाही. मोजणार.”

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “आमच्या ऑफिसात कोणाला सांगू नकोस,” एवढंच म्हणाले.

ऑफिसात सांगितलं नाही. पण समोरच्या काकूंना सांगितलं, म्हणजे एका अर्थी सगळ्यांनाच. काकूंचं म्हणणं पडलं, की फूटपट्टीपेक्षा शिंप्याची टेप बरी, ती वळणावर वळते. बातमीला वळण कुठून आलं, असं मी विचारलं तर म्हणाल्या, “तू अजून नीट वाचत नाहीस.” खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर तर टेपच्याही पुढे गेले. “मोजत कसले बसता? वजन करा! आम्ही पोस्टात सगळं वजनावर केलं. स्तुतीची कात्रणं एका पारड्यात, टीकेची दुसऱ्या. दहा मिनिटांत प्रबंध तयार.” आणि खरोखरच संध्याकाळी ते आपला जुना पितळी तराजू घेऊन दारात उभे. तो आम्हाला चार दिवस स्वयंपाकघरात ठेवून घ्यावा लागला.

आता पेपर. आमच्या गावात एक पेपर आठ पानांचा निघतो, एक सहा पानांचा. आठपानी हा आप्पांच्या बाजूचा. आप्पा म्हणजे आमचे नगरसेवक. नगरसेवक एकच नाही, बरेच आहेत, पण बाकीच्यांची नावं त्यांच्या घरच्यांना ठाऊक असतील. सहापानी हा आप्पांच्या विरोधकांचा. आमच्याकडे दोन्ही येतात. एकात खोटं काय ते दुसऱ्यात कळतं, असं ह्यांचं मत. मात्र घरचे सगळे अंक मी स्वतःच, विषय मिळायच्या आदल्या आठवड्यात, रद्दीत दिले होते. म्हणून वाचनालय.

वाचनालयाचे ग्रंथपाल हे अतिशय सज्जन गृहस्थ. त्यांनी सहा महिन्यांचे बांधलेले गठ्ठे काढून दिले, टेबलावरची धूळ स्वतः पुसली, पंखा लावला. मी पर्समधून फूटपट्टी काढली आणि त्यांचा चेहरा बदलला.

“हे काय?”

“फूटपट्टी.”

“ते दिसतंय. कशासाठी?”

“बातम्या मोजायच्या आहेत.”

ते जाऊन नियमावली घेऊन आले. “हे बघा. कलम सात. ‘वृत्तपत्रे वाचनासाठी दिली जातील.’ वाचनासाठी. मोजण्याबद्दल यात काही नाही.”

“मोजू नये असंही नाही.”

“ताई, असं म्हटलं तर इथे झोपू नये असंही नाही,” ते दुःखानं म्हणाले, आणि त्यांनी खिडकीजवळच्या दोन सभासदांकडे पाहिलं. ते खरोखरच झोपले होते.

मी दोन दिवस बोटांनी मोजलं. माझी वीत म्हणजे साधारण एकोणीस सेंटिमीटर. पण तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की सकाळी माझी वीत मोठी असते आणि चारच्या सुमाराला दमून लहान होते. विज्ञानात हे चालत नाही. तेव्हा मी ग्रंथपालांना सरळ विचारलं, की परवानगी कोण देईल. ते म्हणाले, “कार्यकारी समितीचे अध्यक्ष.” अध्यक्ष कोण? तर आप्पा.

इथे शहाण्या बाईनं विषय बदलला असता. पण प्रबंध जमा करायला पाच आठवडे उरले होते, आणि तारीख चुकली की वर्ष गेलं. शिवाय ह्यांनी आदल्याच दिवशी जेवताना ‘जमेल तेवढं कर’ असं म्हटलं होतं. या वाक्यासारखं दुसरं काही मला पेटवत नाही. मी अर्ज लिहिला आणि आप्पांच्या संपर्क कार्यालयात गेले.

निवडणूक जवळ आलेली, त्यामुळे तिथे भिंतीला लागून सोफे, सोफ्यांवर माणसं आणि मधोमध एक फोटोग्राफर. टेबलावर फुलांचा एक गुच्छ. तो गुच्छ एकच होता. आलेल्या प्रत्येकाच्या हातात फोटोपुरता येत होता आणि परत टेबलावर जाऊन बसत होता. सकाळपासून त्यानं इतकी माणसं पाहिली होती, की तोच आता नगरसेवक वाटायला लागला होता. कोपऱ्यात एक बारीक अंगाचा माणूस वहीत काहीतरी टिपत होता.

“या ताई!” आप्पा म्हणाले. अर्जाचं नुसतं पहिलं वाक्य पाहून त्यांनी सही ठोकली. “वाचनालयात बायका येतात, केवढी आनंदाची गोष्ट!”

“मला बातम्या मोजायच्या आहेत,” मी प्रामाणिकपणे सांगितलं.

“मोजा, मोजा! आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?” असं म्हणेपर्यंत माझ्या हातात गुच्छ आलेला होता. “ताई, इकडे बघा,” असा आवाज आला, डोळ्यांवर झगझगीत प्रकाश पडला, आणि मी बाहेर आले तेव्हा माझ्याजवळ परवानगी होती. मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आठपानीच्या पहिल्या पानावर माझा फोटो. वर मथळा : ‘आप्पांच्या नेतृत्वावर महिलांचा वाढता विश्वास’. खाली ओळ : ‘ज्येष्ठ समाजसेविका आप्पांना निवडणुकीसाठी शुभेच्छा देताना.’

खरं सांगते, समाजसेविका मी सोसलं असतं. ज्येष्ठ लागलं.

काकू पेपर घेऊनच आल्या. “उभी राहणार आहेस, आणि मला पेपरातून कळतंय!” पोस्टमास्तर जिन्यात भेटले आणि त्यांनी मला उगाचच वाकून नमस्कार केला. हे मात्र डबा घेऊन ऑफिसला निघून गेले. ह्यांची पाळी तिसऱ्या दिवशी आली. सहापानीत चौकट : ‘पालिका कर्मचाऱ्याच्या पत्नीचा उघड प्रचार! पाणीपुरवठा विभाग कोणाच्या दावणीला?’

त्या दुपारी ह्यांना साहेबांनी बोलावलं आणि हातात कागद दिला. ‘आपल्या कुटुंबीयांच्या राजकीय सहभागाबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.’ चोवीस वर्षांच्या नोकरीत ह्यांना मिळालेला हा पहिला मेमो. घरी येऊन त्यांनी तो टेबलावर ठेवला. त्यावर काही पडू नये म्हणून पाण्याचा पेला लांब सरकवला आणि खुर्चीत बसून राहिले.

“अहो, मी आत्ता जाऊन दोन्ही पेपरांना छापायला लावते, की हे खोटं आहे म्हणून.”

“तू आता कुठे जाऊ नकोस,” हे म्हणाले.

मी गेले.

आठपानीचे संपादक मला मोठ्या आदरानं भेटले. बहुधा त्यांचाही आपल्याच मथळ्यावर विश्वास बसला होता.

“ताई, फोटो तुमचा आहे?”

“आहे.”

“हातात गुच्छ आहे?”

“आहे.”

“तुम्ही हसताय.”

“हसत नाहीये, डोळ्यांवर प्रकाश आला होता!”

“वाचकाला ते कसं कळणार?” त्यांनी हात पसरले. “आणि हे बघा, आप्पांची बातमी आप्पांच्याच ऑफिसातून तयार होऊन येते. आम्ही फक्त शुद्धलेखन बघतो.”

“हे मी लिहून घेऊ का?”

विचारेपर्यंत माझी वही बाहेर आली होती. न्याय मागायला आलेली बाई पुरावे गोळा करत बसली, हे मला नंतर फार लागलं. पण त्या क्षणी माझा हात माझं ऐकत नव्हता. संपादकांनी शांतपणे ‘लिहा की’ म्हटलं आणि खुलाशाचं वार्ताहराशी बोला, तो आत्ताच बाहेर गेला, असं सांगून मला वाटेला लावलं.

सहापानीचं ऑफिस रस्त्याच्या पलीकडे, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर. जिना इतका अरुंद, की वर जाणाऱ्यानं खाली येणाऱ्याची माफी मागावी. वर एकच टेबल, टेबलाशी एक माणूस टाइप करत होता. त्यानं मान वर केली आणि मी ओळखलं. आप्पांच्या ऑफिसातला, कोपऱ्यातला, वहीवाला.

“तुम्ही इथे?”

“ताई,” तो हळूच म्हणाला, “आधी दार लावा.”

मी दार लावलं.

“तुम्ही तर त्या पेपरात ना?”

“संध्याकाळपर्यंत तिकडे. नंतर इकडे. बातमीवर नाव नसतं, नुसतं ‘वार्ताहराकडून’ असतं. इथल्यांना तिथलं माहीत नाही, तिथल्यांना इथलं नाही.”

“माझ्या फोटोची बातमी?”

“मीच.”

“आणि आमच्या ह्यांच्यावरची चौकट?”

“ती पण मीच.” त्यानं मान खाली घातली. “तिकडे बाजूनं लिहिलं होतं ना, त्यामुळे इकडे विरुद्ध लिहायला सगळी माहिती हाताशी होती.”

मी एवढी चिडले होते, की समोर पडलेली वर्तमानपत्राची गुंडाळी उचलली. कशासाठी ते मला आजही सांगता येणार नाही. तो हलला नाही. म्हणाला, “मारा. मेमोचं पालिकेतून कळलं मला. पण त्या कर्मचाऱ्याला मेमो मिळेल असं मला वाटलं नव्हतं. माझं लिहिलेलं कोणी एवढं मनावर घेईल, असंच मला चौदा वर्षांत वाटलेलं नाही.”

मी गुंडाळी खाली ठेवली. खुर्ची ओढली.

“हे तुम्ही कसं करता, ते मला सांगा,” मी म्हटलं. “सुरुवातीपासून.”

त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली. “कोणी विचारलंच नाही कधी,” तो म्हणाला, आणि मग दीड तास बोलला. एकच सभा दोन प्रकारे कशी लिहायची, ‘तुफान गर्दी’ आणि ‘रिकाम्या खुर्च्या’ हे एकाच सभागृहाच्या दोन टोकांना उभं राहून कसं खरं असतं, कोणत्या बातमीसाठी फोन येतो आणि कोणत्या बातमीसाठी फोन यायची गरजच उरत नाही. माझी अख्खी वही भरली. शेवटी म्हणाला, “माझं नाव नको, ताई. दोन्हीकडून जाईन.”

“नाव येणार नाही. माझा शब्द.”

त्याच्या बदल्यात त्यानं माझ्यासमोर बसून दोन्ही पेपरांसाठी दुरुस्ती लिहिली. मी दोनदा वाचून पाहिली. सहापानीची अशी होती : ‘सदर महिला या केवळ पालिका कर्मचाऱ्याच्या पत्नी नसून एम.ए.च्या विद्यार्थिनी आहेत. अभ्यासाच्या कामासाठी त्या तेथे गेल्या होत्या.’ मला ते ‘केवळ’ फार आवडलं. आमच्या घरात माझ्याबद्दल असं कोणी म्हटलेलं नव्हतं.

सकाळी मी दोन्ही पेपर दारातच उघडले. आठपानीत : ‘त्या ज्येष्ठ समाजसेविका नसून ज्येष्ठ विद्यार्थिनी आहेत.’ ठीक आहे. सहापानीत ती दुरुस्ती एका औषधाच्या जाहिरातीखाली होती. जागा कमी पडली म्हणून कोणीतरी शेवटचं अख्खं वाक्य उडवलं होतं आणि एक शब्दही गाळला होता. उरलं ते असं :

‘सदर महिला या पालिका कर्मचाऱ्याच्या पत्नी नसून एम.ए.च्या विद्यार्थिनी आहेत.’

काकूंनी बेल वाजवली नाही, सरळ आत आल्या आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “मला आधी सांगायचंस. मी कोणाला बोलले असते का?” पोस्टमास्तरांनी खालूनच ओरडून सल्ला दिला, की छापील गोष्टीला कायद्यात वजन असतं, तेव्हा लग्नाचं प्रमाणपत्र हाताशी ठेवा. आणि हे? हे पेपर घडी करून खिशात घालून ऑफिसला गेले.

संध्याकाळी परत आले ते एक टाइप केलेला कागद घेऊन.

“साहेब खूश आहेत,” हे म्हणाले. “म्हणाले, प्रकरण आपोआप मिटलं. ‘सदर महिला आपली पत्नी नसल्याचे वृत्तपत्रावरून दिसून येते, सबब खुलाशाची आवश्यकता नाही.’ मी खाली ‘मान्य’ लिहून सही करायची, की फाइल बंद.”

“आणि नाही केली तर?”

“तर प्रकरण चालू. ताकीद, टेबल बदलणं, काय वाटेल ते.”

मी तो कागद वाचून पाहिला. सहा महिन्यांच्या अंकांतलं लोकांचं खरंखोटं मी फूटपट्टीनं मोजायला निघाले होते, आणि आता आमच्याच घरात एक खोटी ओळ आम्हाला सोयीची पडत होती. मी म्हटलं, “करा सही. एका शब्दाचा तर प्रश्न आहे.” माझा आवाज मलाच परका वाटला.

“तुझ्या प्रबंधात हे येणार?”

“आलं पाहिजे. पण नाही आलं तरी चालेल.”

ह्यांनी पुन्हा तो कागद वाचला. मग माझं पेन मागितलं, कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर त्यांच्या त्या सुंदर, सरळ, सरकारी अक्षरात लिहिलं : ‘सदर महिला ही माझी पत्नी असून एम.ए.ची विद्यार्थिनी आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तिने कोणाचाही प्रचार केलेला नाही.’ खाली सही, तारीख. मग शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

“अहो, पण—”

“चोवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मजकुराखाली सह्या केल्या,” हे म्हणाले. “हा मजकूर माझा आहे.” आणि मला काही सुचायच्या आत, “चहा टाकतेस की मी टाकू?”

मी टाकला. डोळ्यांत धूर गेला, असं मी ह्यांना म्हटलं. आमच्याकडे गॅस आहे.

ह्यांना सक्त ताकीद मिळाली आणि वरिष्ठ लिपिकाच्या टेबलावरून तक्रारींच्या खिडकीवर बसवलं. सकाळी दहापासून पाण्यासाठी भांडायला येणारा प्रत्येक माणूस आता ह्यांच्यासमोर. मी त्याची भरपाई मोजून केली. रोज सकाळी वाचनालयाचं दार उघडायच्या आत मी पायरीवर हजर. ग्रंथपालांनी माझ्यासाठी स्वतःची स्टीलची फूटपट्टी काढून दिली. तीनशे चाळीस अंक मी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजले. बोटांना शाई लागायची ती आठवडाभर जायची नाही. आणि सगळी बेरीज झाल्यावर निघालं काय, तर आठपानीनं आप्पांच्या स्तुतीला जेवढी जागा दिली होती, जवळजवळ तेवढीच सहापानीनं त्यांच्यावरच्या टीकेला. फरक फक्त अकरा सेंटिमीटर. नळाला पाणी न येण्याच्या बातमीला दोन्हींत मिळून सहा महिन्यांत जागा होती माझ्या तळहाताएवढी. मी तीनदा मोजली. तळहात मोठा ठरला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. आकडे त्यांना आवडले. मग त्यांनी त्रेचाळिसावं पान उघडलं.

“एकच वार्ताहर दोन्ही पेपरांत लिहितो, असं तुम्ही म्हणता. कोण हा?”

“ते सांगता येणार नाही, सर.”

“नावाशिवाय हे मी कशावरून खरं मानू?”

मॅडमनी टेबलाखालून माझा पाय दाबला. म्हणजे, ते पान काढून टाकते म्हणा.

“तुम्ही मानलंच पाहिजे असं नाही,” मी म्हटलं. “पण मी शब्द दिलाय. आणि पान काढणार नाही.”

“गुण जातील.”

“जाऊ देत.”

गुण गेले. मोजून गेले. मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, की ते एक पान नसतं तर पहिली श्रेणी होती. मी त्यांना सांगितलं, की दुसरी श्रेणीही त्याच जिन्यानं खाली उतरते.

तिथून मी घरी न जाता सरळ नगरपालिकेत गेले. तक्रारींच्या खिडकीसमोर मोठी रांग होती. ओळखीचा फायदा घ्यायचा नाही म्हणून मी शेवटी उभी राहिले. पाऊण तासानं माझा नंबर लागला. आत हे, समोर तक्रारवही, कपाळावर घाम.

“तक्रार काय?” मान वर न करता हे म्हणाले.

“पास झाले. दुसरी श्रेणी.”

ह्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे न पाहता ‘जेवणाची सुट्टी’ अशी पाटी उचलली आणि खिडकीत लावली. सुट्टीला अजून दहा मिनिटं होती.

मागून एक गृहस्थ खवळले. “हा काय प्रकार आहे? चार दिवस पाणी नाही आमच्याकडे! मी पेपरात देतो हे! दोन्ही पेपरांत देतो!”

दोन्हीसाठी एकाच माणसाला भेटलं तरी चालेल, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण शब्द म्हणजे शब्द. मी पर्समधून वही काढली आणि म्हटलं, “पेपरात नंतर द्या. आधी मला सांगा. सुरुवातीपासून.”